गावी गेलेल्याची खेळी

"ताई, काकूंना एकदा डॉक्टरांकडे न्यायला हवं," असा फोन आला तेव्हा मी चकाल्याच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. फोन माझ्या धाकट्या भावाच्या शाळेपासूनच्या मित्राचा. तो घाटकोपरला आईच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. लिफ्ट बंद पडली की आईचं सामान वर नेणं, तिच्या बीपीच्या गोळ्या संपल्या की आणून देणं, हे सगळं तोच बघतो आणि मी मुलुंडला बसून त्याला दुवा देते. त्यामुळे मोबाइलवर त्याचं नाव दिसलं की आई पडली, हेच आधी माझ्या मनात येतं. पडली का, असं मी विचारलं. नाही म्हणाला. मग बराच वेळ नुसतं "म्हणजे कसं ना ताई" करत राहिला. असा घोळ घालणारी माणसं मला सहन होत नाहीत. पटकन बोल, म्हटलं, मला जेवायचंय.

"काकू विचारतात, तो कधी येणार."

"कोण तो?"

"आपला तो, ताई." त्यावरूनच मला कळलं कोण ते.

माझा भाऊ जाऊन आता नऊ-दहा वर्षं होतील. ताप आला म्हणून स्वतः रिक्षा करून हॉस्पिटलात गेला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. चाळिशीही गाठली नव्हती त्याने. आई त्या दिवसांत रडली, पण वर्षश्राद्ध झालं आणि तिने तो विषय बंद करून टाकला. फोटो पुसायची, हार घालायची, बोलायची मात्र नाही. मी काही बोलायला गेले की हिला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवायचं. त्या माझ्या आईने, पंचाहत्तरी उलटल्यावर, तो कधी येणार असं विचारावं? पोळीचा घास हातातच राहिला.

कधी विचारते, कुणाला विचारते, असं मी विचारलं. तर म्हणाला, आम्हालाच, दर रविवारी खेळायला बसलो की. हा दुसरा धक्का. रविवारी दुपारी आई भजनी मंडळात जाते. निदान मला तरी तेच सांगून ठेवलं होतं तिने. मी तिला त्यासाठी चांगले पितळी टाळ आणून दिले होते.

"काय खेळता तुम्ही आईशी?"

"सारंद," तो म्हणाला, रमी म्हणावं इतक्या सहज.

हा शब्द मी लग्न होऊन घरातून निघाल्यापासून ऐकला नव्हता. सारंद हा कुहेर नावाच्या देशातला खेळ आहे, आणि कुहेर नावाचा देश कुठेही नाही. तो माझ्या भावाने आणि त्याच्या तीन मित्रांनी सातवी-आठवीत असताना आमच्या घाटकोपरच्या घरात, बाहेरच्या खोलीत पालथं पडून तयार केला. झालं असं की आमच्या कॅरमची राणी हरवली, स्ट्रायकरचा टवका उडाला आणि नवीन आणून द्यायला बाबांनी साफ नकार दिला. मग पोरांनी कॅरमच उलटा केला. कॅरमच्या पाठीवर, बोर्ड वाकू नये म्हणून, एकमेकींना छेदणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यांच्यामुळे चार खण पडतात. भावाने त्या पट्ट्यांकडे बघितलं आणि जाहीर केलं की हा डोंगर आहे आणि चार उतारांवर चार घराणी राहतात. बाकीच्या तिघांनी एकदाही शंका काढली नाही.

कुहेरमध्ये दर वर्षी पाणी चढतं. कडेने सुतळी ठेवायची आणि दर फेरीला ती थोडी आत सरकवायची, ते पाणी. कवड्या टाकायच्या आणि आपली माणसं चढावर न्यायची. त्यातल्या एकाकडे घराचा दिवा असतो. तो मधल्या टोकावर पोचला की त्या घराने ते वर्ष जिंकलं, पण मागे राहिलेली माणसं पाण्यात गेली तर पुढच्या वर्षी त्या घराला तेवढ्याच कमी माणसांनिशी खेळायचं. म्हणून खेळ कधी संपतच नसे. माणसं म्हणजे चिंचोके, आणि ते रंगवायला माझं नेलपॉलिश. भावाने आपल्या घराण्यासाठी माझी मरून रंगाची अख्खी बाटली संपवली, मावसबहिणीच्या लग्नासाठी आणलेली. त्याबद्दल मी त्याला बदडून काढला होता.

त्या देशाचे रीतिरिवाजही होते. घरातली म्हातारी बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही. दुसऱ्याच्या वाटेवरून जायचं तर आधी खोकायचं. ती चौघंही सारखी खोकतात म्हणून आईने एकदा सगळ्यांना बसवून आल्याचा काढा पाजला, आणि कुहेरचं गुपित फुटू नये म्हणून चौघंही तो मुकाट्याने प्यायली.

मे महिन्यात मात्र सगळी वाट लागायची. आमची अर्धी कॉलनी गावी जायची. एक कोकणात, एक कऱ्हाडकडे, आम्ही आजोळी. कुणी ना कुणी नसायचंच आणि पाणी तिथेच अडकून बसायचं. त्यावर भावाने नियम काढला. गावी गेलेला खेळातून बाद होत नाही. त्याची खेळी बाकीच्यांनी खेळायची, पण त्याच्या फायद्याची खेळायची नाही, तो असता तर जी खेळला असता ती खेळायची. आणि त्यावर सगळ्यांचं एकमत हवं. परत आल्यावर त्याने झालंय ते मान्य करायचं, रडारड करायची नाही. यावरून काय भांडायची ती पोरं! तो असं करेल, छट्, तो असं कधीच करणार नाही. समोर नसलेल्या पोराबद्दल तासन् तास वाद.

मरायचा नियम मात्र त्यांनी केला नव्हता. घरं बुडायची, बुडालेल्या घरातली माणसं दुसऱ्या देशात निघून जायची, पण कुहेरमध्ये मेलं कुणीच नाही. त्या वयात त्यांना ते सुचलंच नसणार.

म्हणजे तो गेल्यावर काय झालं असेल ते मला फोनवरच लक्षात आलं, तरी मी त्याला सगळं बोलायला लावलं. दिवस झाल्यावर तिघं मित्र जमले. मोठेपणीही रविवारी बसायची सवय त्यांनी मोडली नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळत होतं. मरून चिंचोक्यांचं काय करायचं ते कुणालाच कळेना. एकजण म्हणाला, तो गावी गेलाय असं धरू. तेव्हापासून ते धरून चाललेत. पुढे एका रविवारी आई त्यांना नारळाच्या वड्या द्यायला गेली, तिने पट बघितला, आणि ती बसली. तेव्हापासून त्याच्या खणापाशी तीच बसते.

मी फोन ठेवला आणि डबा तसाच बंद केला. धक्का बसला होताच, पण खरं सांगायचं तर मला रागही भयंकर आला होता. माझ्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही आणि तिकडे परक्या पुरुषांत बसून दर रविवारी तो काय करेल यावर चर्चा. आणि हे असं खोटं खोटं गावी पाठवून पाठवून त्यांनी माझ्या आईचं डोकं फिरवलं होतं. तिला ते खरं वाटायला लागलं होतं. दुसरं काय?

त्या आठवड्यात मी रोज ऑफिसातून सुटले की मेट्रोने घाटकोपरला उतरून आधी आईकडे जायचे. नेटवर नको ते सगळं वाचलं होतं. त्यात सांगितल्याप्रमाणे तिला बोलता बोलता प्रश्न विचारायचे. आज वार कोणता, काल काय जेवलीस, माझ्या मुलाचा वाढदिवस कधी असतो. तिने दोन दिवस उत्तरं दिली. तिसऱ्या दिवशी मीच तारीख चुकीची बोलले आणि तिने ती दुरुस्त केली. मग चष्मा काढून म्हणाली, माझी परीक्षा घेतेयस का गं? मी विषय बदलला आणि भजन कसं चाललंय म्हणून विचारलं. छान चाललंय म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही बाईची. इतकं सफाईने खोटं बोलणारी ही माझीच आई का, असं वाटून मी तिच्याकडे बघतच राहिले. सोमवारची मुलुंडच्या डॉक्टरांची वेळ मी तिला न सांगता घेऊन टाकली.

रविवारी तिचं जेवण आवरेपर्यंत मी जाऊन धडकले. मीपण येते भजनाला, म्हटलं. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, चप्पल घातली आणि म्हणाली, ये, पण मध्ये मध्ये बोलायचं नाही.

मित्राच्या घरी दिवाणावर तो कॅरम उलटा ठेवलेला होता. मला वाटलं होतं, नवीन काहीतरी केलं असेल. नाही, तोच आमचा, कोपऱ्यावर बाबांनी मारलेला पत्रा होता तसाच. चौथा खण रिकामा होता. तो चेंबूरला राहणाऱ्या तिसऱ्या मित्राचा. गेल्या वर्षी त्याची बदली हैदराबादला झाली आणि जाताना त्याने आपलं घर स्वतःच्या हाताने बुडवलं, म्हणजे रीतसर खेळ सोडला. उरले दोघं आणि आई. आणि समोरच्या खणात मरून चिंचोके. रंग जागोजाग उडाला होता तरी माझी ती बाटली मी कुठेही ओळखली असती. मी भिंतीला धरून उभी राहिले.

दोघं मित्रही उभेच होते. फोन करणाऱ्याला टक्कल पडलंय, दुसऱ्याच्या हृदयात स्टेंट घातलाय. आई पदर सावरून नीट बसेपर्यंत ते दोघं बाप्ये शाळेतल्यासारखे हात मागे बांधून उभे राहिले आणि मग खोकून बसले. आईने चष्मा लावला, पट बघितला, दोघांकडे बघितलं आणि अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "तो कधी येणार?"

फोन करणाऱ्या मित्राने माझ्याकडे बघितलं. बघितलंत ना ताई, असं. दुसरा कवड्या चाळवत राहिला. आईने परत विचारलं. तेव्हा तो दुसरा लहान मुलाची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला, येईल ना काकू, तुम्ही चहा घ्या आधी. आईचा चेहरा पडला. ते बघून मला राहवेना.

"आई, तो येणार नाहीये," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच कर्कश वाटला. "तो गेला. तुला माहीत आहे ना, तो गेला ते?"

आईने वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर इतकं आश्चर्य मी कधी बघितलं नव्हतं.

"मला माहीत नाही तो गेला ते?" ती म्हणाली. "त्याच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं. तू तेव्हा खाली औषधं आणायला गेली होतीस."

हे मला माहीत नव्हतं. मी वर आले तेव्हा नर्सनी त्याच्या खाटेभोवती पडदा ओढला होता आणि पडद्याआड काय झालं ते मी तिला कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी ते मला एका परक्या घरात, उलट्या कॅरमसमोर कळत होतं. मी खाली बसले. खुर्ची होती, तरी जमिनीवरच.

आई मात्र आता त्या दोघांकडे वळली होती. "आणि तुम्ही रे? तुमचाच नियम तुम्ही विसरलात?"

मग तिने सांगितलं. गावी गेलेल्याचं घर असंच राहत नाही. खेळाच्या आधी कुणीतरी विचारायला लागतं, तो कधी येणार, आणि त्याच्या घरच्याने उत्तर द्यायला लागतं, वाटेत आहे. काही बैठकी कुणीच विचारलं नाही, तर त्याची आठवण कुणाला राहिलेली नाही असं धरायचं आणि सुतळी त्याच्या घरावरून ओढून घ्यायची. घरचा स्वतःच "येत नाही" म्हणाला तरी तेच. मे महिन्यात पोरं ज्याच्या त्याच्या खिडकीखाली जाऊन यासाठीच ओरडायची. ती बोलत होती तसतसा त्या दोघांचा चेहरा बदलत गेला.

भाऊ गेल्यावर चेंबूरचा मित्र दर रविवारी विचारायचा आणि आई उत्तर द्यायची. या दोघांना वाटायचं, तो आपला काकूंचं मन रमवायला म्हणून बोलतो. तो हैदराबादला गेला आणि विचारणारं कुणी राहिलं नाही. आईने वाट बघितली. तिला वाटलं, पोरं कंटाळली. मेलेल्याचं घर किती वर्षं ओढणार, पण आईच्या तोंडावर सांगणार कसं, म्हणून गप्प बसून बुडवतायत. मग तीच विचारायला लागली. "निर्लज्जासारखी," ती म्हणाली. "स्वतःच विचारायचं आणि स्वतःच मनात उत्तर द्यायचं. पण तुम्ही निदान वर बघाल असं वाटायचं मला. तुम्ही कवड्या मोजत बसायचात."

"काकू, आम्हाला वाटलं तुमचं..." टक्कल पडलेला म्हणाला आणि पुढे त्याला बोलवेना.

"डोकं फिरलं," आईने पुरं केलं. "हिलाही तेच वाटलं. आठवडाभर वार विचारतेय मला."

स्टेंटवाला मित्र तोंड ओंजळीत धरून बसला. दुसरा सरळ रडत होता. मला काय वाटत होतं ते मी नीट सांगू शकत नाही. लाज होती, आई शाबूत आहे म्हणून सुटल्यासारखं होतं, आणि त्या पडद्याआडच्या पाण्याने मी आतून हादरले होते. तरी तोंडातून आली ती तक्रारच. मला का नाही सांगितलंस, भजन भजन काय करत होतीस, असं मी तिला विचारलं.

"घरी तो फोटोत असतो," आई म्हणाली. "तू आलीस की आपण दोघी फोटोसमोर बसतो. इथे त्याच्यावर भांडता येतं."

मित्राची बायको चहा ठेवून निघून गेली. चहा कुणी घेतला नाही. मग फोन करणाऱ्या त्या मित्राने रुमालाने तोंड पुसलं, घसा साफ करायला म्हणून की कुहेरच्या रीतीने ते सांगता येणार नाही, पण खोकला, आणि म्हणाला, "काकू, तो कधी येणार?"

आईने माझ्याकडे बघितलं. दर वेळी मीच काय म्हणून, असं ती म्हणाली, तूही त्याच्या घरचीच आहेस.

येणार नाही असं मी दहा मिनिटांपूर्वी ओरडून सांगितलं होतं. आता तेच शांतपणे सांगितलं असतं तर ते मरून चिंचोके उचलून एखाद्या डबीत भरले असते आणि आई सोमवारी माझ्याबरोबर मुलुंडला आली असती. मला कुणी अडवलं नसतं. तिघंही माझ्याकडे बघत होते आणि एकानेही मान हलवून काही सुचवलं नाही. आईला भानावर आणायला म्हणून मी आले होते.

"वाटेत आहे," मी म्हणाले.

लगेच कवड्या पडल्या. जणू रोजचंच. एक खेळला, दुसरा खेळला, सुतळी आत सरकली आणि पाणी मरून घराच्या अगदी खाली येऊन टेकलं. आईने त्याच्या कवड्या माझ्या हातात दिल्या. टाकल्या तर चांगलं दान पडलं. दिवा घेतलेला चिंचोका टोकाच्या अलीकडे होता आणि त्या दानात सरळ पोचत होता. मागे दोघं राहिले होते, ते पाण्यात जाणार होते. किंवा तेच दान मागच्या दोघांसाठी वापरून त्यांना वर घ्यायचं आणि दिवा होता तिथेच थांबवायचा. आईने मला हे सगळं बोट ठेवून समजावलं. मग म्हणाली, सांग आता, काय करेल तो?

हे मला विचारायला नको होतं. माझा भाऊ कशासाठी थांबला होता? रस्ता ओलांडायला नाही, भात निवायला नाही. बाबा चप्पल घालेपर्यंत हा नाक्यावर असायचा. दिवा घेऊन पळायचा आणि मागचे बुडाले तरी बेशरम हसायचा, म्हणून तर दरवर्षी त्याचं घर सगळ्यांत लहान असायचं. मी दिव्याचा चिंचोका उचलला.

"जाईल," मी म्हणाले. "मागचे गेले तरी तो जाईल."

तिघांनीही एकदमच नकारार्थी मान हलवली. आधी ठरवल्यासारखी. नाही ताई, एकजण हळूच म्हणाला. दुसरा म्हणाला, पूर्वी गेला असता. मी आईकडे बघितलं. ती मला समजावत नव्हती, दुःखीही दिसत नव्हती. घरात असलेल्या मुलाबद्दल बाहेर राहणाऱ्या मुलीला सांगावं तसं तिने सांगितलं.

"आधी जायचा गं. हल्ली तो थांबतो."

चिंचोका माझ्या चिमटीत होता. मी तो होता तिथे परत ठेवला आणि तिला विचारलं, कधीपासून थांबायला लागला.